ट्रॅक्टरवर मोबाइल अन् गाणी : बॅटरी सांभाळा

पेरणीत वापसा आला की ट्रॅक्टर एका सेल्फमध्ये चालू झाला पाहिजे.

इंजिन बंद ठेवून मोबाइल चार्ज केला तर बॅटरी उतरते का? नुसत्या मोबाइलनं फारशी नाही. २ तासांत साधारण २ अँपिअर-तास जातात. ७५ अँपिअर-तासाच्या चांगल्या बॅटरीला ते जाणवत नाही. खरा खर्च अँप्लिफायर लावलेल्या टेपचा. ५ अँपिअरनं ५ तास गाणी वाजली की तिसरा हिस्सा संपला. जुनी बॅटरी तिथंच बसते. उतरलेली तशीच ठेवली तर प्लेटांवर लेड सल्फेट घट्ट बसतं, मग ती पूर्ण भरत नाही.

काय करावं?
१) गाणी अन् चार्जिंग इंजिन चालू असतानाच.
२) बॅटरीवरून थेट वायर ओढून मोबाइल लावू नका, जळेल. फ्यूज असलेला कार चार्जरच वापरा.
३) रात्री चार्जर आणि टेपचं कनेक्शन काढा.
४) सकाळी सेल्फ मारण्याआधी मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. निम्मी दिसली तर त्याच दिवशी चार्जिंगला द्या.

शंका असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज पाठवा.