हसू कोणावर? : व्हिक्टोरियन ग्रामीण कादंबऱ्यांतील विनोदी चित्रे

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट आणि जुनी दप्तरे डोळ्यांपुढे येतात. कादंबरीतील विनोदी चित्र हेही इतिहासाचे साधनच होय. मात्र ते वाचताना आधी विचारावे, की येथे हसू कोणावर आहे?

रॉबर्ट स्मिथ सर्टीस हे उत्तर इंग्लंडमधील डरहॅम परगण्याचे जमीनदार. त्यांच्या 'हँडली क्रॉस' या कादंबरीची सचित्र आवृत्ती १८५३-५४ मध्ये मासिक भागांनी प्रसिद्ध झाली. चित्रे 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे नामवंत चित्रकार जॉन लीच यांची होती. पूर्णपृष्ठ चित्रे पोलादी पत्र्यावर कोरून छापत व त्यांत हाताने रंग भरीत. लहान चित्रे लाकडी ठशांनी मजकुरातच उमटवीत.

या कादंबरीचा नायक जॉरॉक्स हा लंडनचा किराणा व्यापारी. तो खेड्याकडे येऊन कोल्ह्याच्या शिकारीसाठी पाळलेल्या कुत्र्यांच्या ताफ्याचा प्रमुख होतो. दुकानदाराने जमीनदारांच्या खेळात शिरावे, हाच विनोदाचा गाभा. त्याचे स्थूल शरीर, घोड्यावरची तारांबळ आणि लंडनची बाजारी बोली यांवर वाचक हसतो. त्याचा नोकर जेम्स पिग शिकारीच्या कामात निष्णात आहे; तरीही त्याची उत्तरेकडील बोली आणि मद्यपान हाच थट्टेचा विषय होतो. गुण मान्य होतो, मान मिळत नाही.

आता चित्राबाहेर पाहू. अशा मासिक भागाची किंमत त्या काळी साधारणतः एक शिलिंग असे. जेम्स केर्ड यांनी १८५०-५१ मध्ये इंग्लंडच्या शेतीची पाहणी केली, तेव्हा शेतमजुराची सरासरी मजुरी आठवड्याला सुमारे साडेनऊ शिलिंग भरली. ज्या खेड्यावर वाचक हसत होते, तेथील मजुराला हे पुस्तक परवडणारे नव्हते. चित्रातही तो क्वचितच केंद्रस्थानी येई.

शिकारीच्या चित्रांत झुडपांचे कुंपण वारंवार दिसते. घोडे त्यावरून उड्या घेतात, स्वार त्यात कोसळतात. ते कुंपण छाटून, विणून उभे करणारे हात मात्र दिसत नाहीत. वॉरिकशायरमधील जोसेफ आर्च हे कुंपण बांधण्याच्या याच कामात तरबेज मजूर होते. १८७२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १८८४ च्या कायद्याने ग्रामीण मजुरांपैकी बहुसंख्य कुटुंबप्रमुखांना मताधिकार मिळाला आणि १८८५ मध्ये आर्च पार्लमेंटवर निवडून आले.

लीच यांची कला थोर आहे. तिचा आनंद अवश्य घ्यावा. परंतु हसून झाल्यावर चित्रातील कुंपणाकडे पुन्हा एकदा पाहावे आणि ते कोणी बांधले, हे विचारावे. इतिहासाचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू होतो.