आईबाबांनो, त्याला आत्ताच फादर म्हणू नका

मुलगा ‘मला मठात जायचंय’ म्हणाला की घरात दोनपैकी एक होतं. एक तर आईचे डोळे भरून येतात आणि संध्याकाळच्या रोझरीपर्यंत बातमी अख्ख्या आळीत जाते. नाहीतर बाबा पेपरातून मान वर न करता म्हणतात, “आधी बारावी कर, मग बघू.” पाचारणाच्या कामासाठी मी घरोघरी फिरतो, दोन्ही घरं पाहतो. खरं सांगू? मला पहिल्या घराचीच जास्त काळजी वाटते.

ज्या मुलाला आळीभर ‘फादर’ म्हणून हाका मारून झाल्या, तो परत कोणत्या तोंडाने येणार? एका आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, “फादर, ह्याच्या वेळी बाळंतपण अवघड होतं. मी तेव्हाच नवस बोलले होते.” मी म्हटलं, “बाय, नवस तुझा. व्रतं मात्र त्याला पाळायचीत.” तिला राग आला असावा, पण चहा दिला.

चर्चचा कायदा याबाबत आपल्यापेक्षा सावध आहे. 17 वर्षं पुरी झाल्याशिवाय नवदीक्षेत प्रवेश नाही. धाकदपटशाने किंवा फसवून घेतलेला प्रवेश ग्राह्यच धरत नाहीत. नवदीक्षेचं निदान एक वर्ष, मग किमान तीन वर्षांची तात्पुरती व्रतं. आजन्म व्रतं 21 नंतरच. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाचा अभ्यास धरून गुरुदीक्षेपर्यंत पोचायला पंचविशी उलटतेच, बहुतेकांची तिशीही जवळ येते. एवढा वेळ आम्ही त्याला पारखतो, तसा तोही आम्हाला पारखत असतो.

आणि फ्रायर, म्हणजे आमच्यासारखा फ्रान्सिस्कन मठवासी, झाला म्हणजे धर्मगुरू होणारच असंही नाही. हे ऐकलं की चेहरे उतरतात. “म्हणजे मिस्सा नाही करणार?” कदाचित नाही करणार. आमचे संत फ्रान्सिस स्वतः धर्मगुरू नव्हते, डिकन होते. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन ब्रदर होते. 1597 साली नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले आणि 1862 साली संत ठरले. त्यांनी कधी मिस्सा केली नाही, म्हणून कोणी त्यांना अर्धवट समजत नाही.

पेपरात तोंड खुपसणाऱ्या बाबांसाठीही एक गोष्ट आहे. फ्रान्सिसचे वडील पिएत्रो कापडाचे व्यापारी. मुलगा दुकानाचा माल विकून पडक्या देवळाच्या डागडुजीला पैसे देऊ लागला, तेव्हा त्यांनी त्याला बिशपपुढे उभं केलं. पोराने अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या हवाली केले. प्रवचनात आम्ही पिएत्रोला खलनायक करतो. वय वाढतंय तशी मला त्यांची बाजू थोडी कळू लागली आहे. कष्टाने उभा केलेला धंदा, आणि हाताशी आलेला पोरगा निघाला! तुम्हाला राग येत असेल तर मुलाला नीट बसवून सांगा. म्हातारपणी आपलं कोण बघणार, हेही विचारा. त्या प्रश्नाला तोंड न देता आलेला मुलगा आम्हालाही नको.

सुट्टीत तो घरी आला की पाहुण्यासारखा खुर्चीत बसवू नका. वाडीत केळींना पाणी लावायचं असेल तर लावू दे. आणि एखाद्या दिवशी बॅग घेऊन कायमचाच आला, तर ‘आता लोकांना काय सांगू?’ असं त्याला विचारू नका. मला फोन करा. लोकांना काय सांगायचं ते मी येऊन सांगेन.