कंपनीच्या इंट्रानेटसाठी प्रणालीची निवड

ठेवीवर दोन्ही मुलांचे नामनिर्देशन करता येईल का, असे एखादा ज्येष्ठ ग्राहक खिडकीशी विचारतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. परंतु कर्मचाऱ्याने इंट्रानेटवर शोध घेतला आणि जुने परिपत्रकच आधी समोर आले, तर ‘नाव एकच’ असे उत्तर मिळून ग्राहक परततो. म्हणून प्रणाली निवडताना मुखपृष्ठाची सजावट पाहण्याआधी, रद्द झालेला मजकूर शोधातून बाजूला काढण्याची आणि प्रत्येक दस्तऐवजाच्या आवृत्त्या जपण्याची सोय तपासावी.

२००१ पासून प्रचलित असलेले मायक्रोसॉफ्टचे शेअरपॉइंट या बाबतीत समर्थ आहे. मात्र ते स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावयाचे की क्लाउडवर, हा निर्णय महत्त्वाचा ठरतो. जुलै २०२५ मधील सायबर हल्ल्यांची झळ संस्थांनी स्वतः चालविलेल्या शेअरपॉइंट सर्व्हरना बसली, क्लाउडवरील सेवेला नाही. अर्थात क्लाउड घेतला म्हणजे जबाबदारी टळली असे नव्हे. रिझर्व्ह बँकेचे माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या बाह्यस्रोतांविषयीचे निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार सेवा बाहेरून घेतली तरी अंतिम उत्तरदायित्व बँकेचेच राहते.

ड्रुपलसारख्या मुक्तस्रोत प्रणालीला परवाना शुल्क नाही. परवाना फुकट असला तरी जाणकार माणूस फुकट मिळत नाही, हे अंदाजपत्रक करताना हमखास विसरले जाते! ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. त्यापुढील आवृत्तीवर जाणे म्हणजे बहुतेकांसाठी जवळजवळ नव्याने बांधणी होती. लहान उद्योगाला मीडियाविकी पुरेशी वाटेल. कार्यपद्धतींची टिपणे ठेवण्यास ती उत्तम; परंतु पानागणिक वाचनाचे निर्बंध घालण्यासाठी ती घडविलेली नाही, तेव्हा वेतनपत्रके तेथे ठेवू नयेत.

मराठी मजकुराचा प्रश्न वेगळाच आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील परिपत्रके पडद्यावर मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरेच असतात. कोणतीही प्रणाली त्यांत ‘नामनिर्देशन’ हा शब्द शोधू शकत नाही. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर हा खर्च प्रथमपासूनच धरावा. खरेदीआदेश देण्यापूर्वी विक्रेत्याला आपलीच पन्नास परिपत्रके, काही रद्द झालेली, काही मराठी, चढवावयास सांगावे आणि शोध विक्रेत्याच्या प्रतिनिधीने नव्हे, शाखेतील कर्मचाऱ्याने घ्यावा.