आरोग्याचा धडा : डब्यातली पावडर आणि आपल्या ताटातला घास



"पेशींना ताकद मिळते" असं सांगून महागडे पावडरचे डबे विकले जातात. काही डब्यांवर 'स्पर्मिडीन' असं नाव असतं. असा डबा घ्यायला गटातून कर्ज उचलायच्या आधी हा धडा वाचा.

हे आहे तरी काय?

पुट्रेसिन, स्पर्मिडीन आणि स्पर्मीन या तिघांना मिळून पॉलिअमाइन म्हणतात. शरीरात नवी पेशी तयार व्हायला हे घटक लागतात. आपल्या आतड्याचं आतलं अस्तर तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. तिथे त्यांची गरज जास्त.

जमा बाजू

गटाच्या वहीसारखा हिशोब मांडू. जमा तीन ठिकाणांहून होते.

१. जेवणातून. सोयाबीन, वाटाणा, डाळी, अळिंबी आणि गव्हाचा अंकुर (दाण्याच्या टोकाचा कोंब फुटतो तो भाग) यांत स्पर्मिडीन चांगलं असतं. संत्र्यात पुट्रेसिन असतं.

२. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडून. भाजी-भाकरीतला न पचलेला चोथा हे त्यांचं खाणं.

३. शरीर स्वतःही बनवतं. प्रत्येक पेशीत हे काम चालतं.

पोटात गेल्यावर

जेवणातले पॉलिअमाइन बहुतेक लहान आतड्यातच शोषले जातात. काही भाग आतड्याच्या पेशी स्वतःसाठी वापरतात. पुट्रेसिनचा बराच भाग तिथेच मोडला जातो. उरलेलं रक्तातून यकृताकडे आणि पुढे शरीरभर जातं.

खर्च बाजू

पेशी आपल्याला हवं तेवढंच ठेवते. जास्तीचं मोडून लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणजे बँकेसारखी शिल्लक वाढत नाही. डबाभर पावडर खाल्ली म्हणून डबाभर ताकद येत नाही. पावडरीने आयुष्य वाढतं, हेही माणसांमध्ये अजून सिद्ध झालेलं नाही.

मग आपण काय करायचं?

• हरभरा, मटकी शिजवलेलं पाणी फेकू नका. शिजताना हे घटक पाण्यात उतरतात. पुरणाच्या डाळीच्या कटाची आमटी करणाऱ्या आपल्या आज्या उगाच नाही तो कट जपून ठेवायच्या!

• गव्हाचं पीठ चक्कीवरून आणा, कोंड्यासकट वापरा. मैद्यात अंकुर आणि कोंडा काढून टाकलेला असतो.

• सगळं सोयाबीन बाजारात घालू नका, घरापुरतं ठेवा. कच्चं मात्र खाऊ नका. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवून, वाळवून, दहा किलो गव्हाला एक किलो या मापाने दळून आणा.

• आईच्या दुधातही स्पर्मिडीन आणि स्पर्मीन असतं. बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या. बाळंतिणीचं ताट आधी वाढा.

• घरात कुणाचे कर्करोगासारख्या आजारावर उपचार चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कसलीच पावडर देऊ नका.

बैठकीत बोला

१. गेल्या हंगामात सोयाबीन किती विकलं आणि घरात किती ठेवलं?
२. तुमच्या घरी डाळ-उसळ सगळ्यांना पुरते का? शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला किती येते?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरंखरं द्या बरं का!