माझं इंग्रजी मराठी वळणाचं; जपानी मुलांना मी शिकवू शकेन का?

प्रश्न : माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, पण घरी-दारी सगळा व्यवहार मराठीतला. इंग्रजीत एम.ए., मग बी.एड. आणि तीन वर्षं शिकवण्याचा अनुभव. आता जपानमधल्या सरकारी शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षिका म्हणून माझी निवड झाली आहे. आनंद आहे, पण झोपही उडाली आहे. माझ्या उच्चारांवर मराठीची छाप आहे आणि बरोबरचे बहुतेक जण अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाचे. त्यांच्यात माझा निभाव लागेल का? आणि पहिल्या दिवशी वर्गात नेमकं करायचं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि एक मुलगा डोळ्यांसमोर आला. मी जपानमधल्या एका गावात माध्यमिक शाळेत शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. तो दुसऱ्या इयत्तेत, म्हणजे आपल्या आठवीत. हात मोकळे. मी विचारलं, "डिडन्ट यू ब्रिंग युअर नोटबुक?" तो म्हणाला, "येस." वही तर कुठेच दिसत नव्हती. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला हे उत्तर खोटं वाटेल, निदान कोड्यात टाकेल. मला ते तत्क्षणी कळलं. आपल्याकडे "वही आणली नाहीस का?" असं विचारलं तर मूल काय म्हणतं? "हो, नाही आणली." जपानीतही अगदी हेच. समोरच्याचं म्हणणं बरोबर असेल तर 'हो'. इंग्रजीत मात्र अशा वेळी 'नो' म्हणायचं असतं. ही चूक मी स्वतः लहानपणी केली होती, म्हणून ती कुठून येते हे मला ठाऊक होतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ज्या वाटेवर ती मुलं ठेचकाळतात, त्या वाटेवरून तुम्ही चालून आला आहात. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच. 'वाताशि वा होन ओ योमिमासु' म्हणजे 'मी पुस्तक वाचते'. शब्दांचा क्रम तोच. विभक्तीचे प्रत्यय आपल्यासारखेच नामाच्या मागून येतात. कर्ता गाळायची सवयही दोन्हीकडे. 'ए' आणि 'द' ही उपपदं ना जपानीत, ना मराठीत. म्हणून 'द' नक्की कधी लावायचं, या प्रश्नाने ती मुलं जशी हैराण होतात तशीच आपणही झालो होतो. ज्याला ते जन्मापासून येतं, त्याला ते वापरता येतं. समजावून सांगता येईलच असं नाही. तुम्हाला मात्र ते एकेकाळी कुणीतरी समजावून सांगितलेलं आहे. ही पुंजी घेऊन जा.

आता उच्चार. इथे मी तुमची समजूत काढणार नाही, कारण मेहनत करावी लागेल. आपण 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' लिहितो वेगळं, पण बोलताना बहुतेकांचा व एकच असतो. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू करायचा. आरशासमोर रोज पाच मिनिटं केलं तर महिन्याभरात फरक कळतो. 'थिंक'मधला ध्वनी आपला थ नव्हे; जिभेचं टोक दातांमध्ये येऊन हवा घासत बाहेर गेली पाहिजे. शब्दातल्या कोणत्या अवयवावर जोर द्यायचा, हेही शब्दकोशात पाहून पक्कं करा. आपण सगळे अवयव सारख्याच वजनाने बोलतो आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ बहुतेक वेळा त्यामुळेच होतो.

मुलांच्या अडचणी वेगळ्या आहेत. जपानीत 'न्'सारखा अनुनासिक सोडला तर अक्षर स्वरावरच संपतं. म्हणून मिल्कचं 'मिरुकु' होतं, ख्रिसमसचं 'कुरिसुमासु'. ल आणि र त्यांना वेगळे ऐकूच येत नाहीत, कारण त्यांच्या भाषेत तो भेदच नाही. तुमच्याकडे ल, र आणि वर ळसुद्धा आहे. जीभ कुठे टेकते आणि कुठे टेकत नाही, हे फळ्यावर तोंडाचं साधं चित्र काढून दाखवा. माझ्या वर्गात या चित्राचा जितका उपयोग झाला, तितका कुठल्याही ध्वनिमुद्रणाचा झाला नाही.

तुमची नेमणूक 'एएलटी' म्हणून, म्हणजे साहाय्यक भाषा शिक्षक म्हणून झाली असणार. जपान सरकारची 'जेट' योजना १९८७ साली सुरू झाली आणि ही पद्धत तिने देशभर रुजवली. पण 'साहाय्यक' हा शब्द नीट समजून घ्या. वर्गाची जबाबदारी आणि गुण देण्याचा अधिकार परवानाधारक जपानी शिक्षकाचा. तुम्ही त्यांच्या शेजारी उभं राहून शिकवायचं. काही ठिकाणी तुमच्याकडून फक्त धडा मोठ्याने वाचून घेतील. बी.एड. झालेल्या माणसाला हे टोचतं. मलाही टोचलं, आणि त्या घाईत माझ्याकडून चूक झाली. एका सहशिक्षकांनी फळ्यावर लिहिलेलं वाक्य मी मुलांदेखत दुरुस्त केलं. ते हसून 'थँक यू' म्हणाले. त्यानंतर कित्येक आठवडे त्यांनी मला तासात काहीच सुचवू दिलं नाही. दोष माझा होता. तास संपल्यावर शिक्षक खोलीत हळूच सांगितलं असतं, तर त्यांनी आनंदाने ऐकलं असतं. तुम्ही असं करू नका. पहिल्या आठवड्यात प्रत्येक सहशिक्षकाकडे एवढंच मागा : तासाची पहिली पाच मिनिटं मला द्या. ती पाच मिनिटं चांगली गेली की दहा आपोआप मिळतात.

आणि मुलांच्या शांततेला घाबरू नका. "हू कॅन आन्सर?" म्हटल्यावर चाळीस डोळे बाकाकडे वळतील. उत्तर येत नसतं असं नाही. सगळ्यांसमोर चुकायची भीती असते. आधी शेजाऱ्याशी बोलू द्या, मग चौघांच्या गटात, आणि मगच वर्गाला विचारा. दर वेळी एवढा वेळ द्यायची सवय ठेवा.

पहिल्या तासाला तुमच्याकडून स्वतःची ओळख करून देण्याची अपेक्षा असेल. ताजमहालाची चित्रं नेऊ नका. ती त्यांनी पाहिलेली असतात. दहा रुपयांची नोट न्या. तिच्यावर हिंदी आणि इंग्रजी धरून सतरा भाषा आहेत. "हाऊ मेनी लँग्वेजेस?" असं विचारून गटागटाला एकेक नोट मोजायला द्या. मुलं नोटेवर नाकं टेकवून मोजतात आणि नकळत इंग्रजीत आकडे म्हणू लागतात. मग फळ्यावर अ इ उ ए ओ लिहा, त्याखाली क, च, त, न, प, म, य, र, व. जपानी मुळाक्षरं मुलांना पाठ असतात : आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम आपल्या वर्णमालेशी जुळतो, कारण बौद्ध भिक्षूंनी तिथे संस्कृत ध्वनींचा आणि सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून तो बसला. मी हे लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून फळ्यापाशी आली आणि प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत तिने ते आपल्या भाषेत म्हटलं. तोवर ती वर्गात एक शब्दही बोललेली नव्हती. तास संपल्यावर सगळ्यांना आपापलं नाव देवनागरीत हवं होतं. त्यासाठी त्यांनी रांग लावली आणि "प्लीज राइट माय नेम" हे वाक्य तेवीस वेळा म्हटलं गेलं.

प्राथमिक शाळाही तुमच्याकडे येईल. २०२० पासून तिसरी-चौथीला वर्षात ३५ तास इंग्रजीची ओळख आणि पाचवी-सहावीला ७० तास रीतसर विषय, अशी रचना आहे. तास ४५ मिनिटांचा, माध्यमिकला ५०. लहान मुलांपुढे गाणी, खेळ आणि भरपूर हातवारे, एवढं पुरतं.

रोजच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगते. शाळेत आत घालायचे बूट वेगळे लागतात, ते पहिल्याच दिवशी बरोबर असू द्यात. आणि दुपारचं जेवण. मुलं स्वतः वाढतात, सगळे वर्गात एकत्र बसून तेच जेवतात, शिक्षकही. तुम्ही शाकाहारी असाल तर लक्षात घ्या, भाजीच्या साध्या रश्शातही माशाचा अर्क असतो. शाळेला आधीच कळवा आणि डबा न्या. ॲलर्जी असलेली मुलं डबा आणतात, त्यामुळे कुणाला वावगं वाटत नाही. पण बसा मुलांबरोबरच. खरं इंग्रजी तिथेच बोललं जातं.

घर ठरल्यावर १४ दिवसांच्या आत स्थानिक पालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. घर भाड्याने घेताना अनामत रकमेशिवाय 'रेइकिन' नावाची परत न मिळणारी रक्कम मागतात आणि पहिला पगार हाती यायला वेळ लागतो. दोन महिन्यांचा खर्च गाठीला ठेवा.

मराठी माध्यमात शिकलेल्या वाचकांसाठी एक सांगायलाच हवं, कारण अशी पत्रंही येतात. शाळेत परदेशी भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी जपान त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षांचं शिक्षण मागतं. इंग्रजी हा विषय म्हणून घेतलेला चालत नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, कारण दुसरी भाषा कष्टाने शिकलेला माणूसच ती उत्तम शिकवू शकतो. पण नियम आहे, तो आधी पाहा आणि मगच कुणा एजंटाला पैसे द्या.

निघण्याआधी एक काम करा. तुमच्या शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई आजही गावात असतील, तर त्यांच्याकडे जाऊन बसा. तुमच्या वर्गातली मुलं कुठे अडायची आणि त्यावर बाई काय करायच्या, हे विचारा आणि वहीत उतरवून घ्या. ती वही विमानात हातातल्या पिशवीत ठेवा.