खुपऱ्यांचा जंतु

डोळ्यांत खुपऱ्या होतात हें वाचकांस ठाऊक आहे; पण ज्या जंतूमुळें त्या होतात त्याची राहणी फार थोड्यांस ठाऊक असेल. त्याचें नांव क्लॅमिडिया. ग्रीक भाषेंत क्लॅमिस म्हणजे पांघरावयाचा झगा. 1907 सालीं जावा बेटांत हाल्बरश्टेटर व प्रोवाझेक यांना सूक्ष्मदर्शक यंत्रांतून रोगी पापणीच्या पेशींत जणूं झग्यांत गुंडाळलेले कणांचे पुंजके दिसले, त्यावरून हें नांव पडलें.

या जंतूस दोन रूपें असतात. एक बियाण्यासारखें लहान व टणक. तें एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे जातें, पण पेशीबाहेर वाढत नाहीं. आंत शिरलें म्हणजे तेंच मोठें होऊन दुसरें रूप घेतें. हें एकाचे दोन, दोहोंचे चार असें वाढतें. मात्र बाहेर पडल्यास टिकत नाहीं. दोन-तीन दिवसांत पुनः बीं तयार होतें, पेशी फुटते, व शेजारच्या पेशींची पाळी येते.

एकदां खुपऱ्या झाल्यानें कोणी आंधळें होत नाहीं. लहानपणीं त्या वारंवार झाल्या म्हणजे पापणीस आंतून वण पडतात, वर्षांनुवर्षें ती आंत वळत जाते, आणि केंस बुबुळावर घांसूं लागतात. चिमट्यानें केंस उपटले तरी पुनः उगवतात. पापणीची शस्त्रक्रियाच करावी लागते. पुरुषांपेक्षां स्त्रियांस ही पीडा अधिक, कारण मुलें त्यांच्या कडेवर असतात. एकाच पदरानें चार मुलांचे डोळे पुसले कीं जंतूस दुसरें वाहन नको, माशा आहेतच. यासाठीं ॲझिथ्रोमायसिन औषध देतात, व मुलांचीं तोंडें धुण्यास सांगतात. 1963 सालीं आपल्या सरकारनें याविरुद्ध मोहीम काढली, आणि 2024 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांत हा रोग सार्वजनिक संकट राहिला नाहीं असें जाहीर केलें. जंतु समूळ गेला, असा मात्र याचा अर्थ नव्हे.

याच जंतूच्या दुसऱ्या जाती स्त्रीपुरुषांच्या संगानें पसरतात. ही गोष्ट बोलण्यास अवघड आहे, तरी बोललीच पाहिजे. बहुतेकांस कांहींच त्रास जाणवत नाहीं; आणि तिकडे स्त्रीच्या गर्भनलिकांस वण पडून त्या बंद होऊं शकतात. मूल होत नाहीं म्हणून सुनेस बोल लाविला जातो, आणि जंतु कधीं कधीं नवऱ्याकडूनच आलेला असतो. बाळंतपणांत तो बाळाच्या डोळ्यांत व फुप्फुसांतहि जातो. गोळ्यांनीं हा रोग बरा होतो, परंतु औषध नवराबायको दोघांनीं एकाच वेळीं घ्यावें लागतें. एकट्या बायकोनें घेतल्यास तो तिला पुनः जडतो.