किशोरवयीनांच्या हाती दुचाकी : एक विचार

दहावीचा निकाल लागला की 'गाडी कधी घेणार?' हा प्रश्न आज गावोगावी विचारला जातो. ज्या घरात आजोबा पायी चालले आणि वडील सायकलवरून मजुरीला गेले, त्या घरातील मुलाच्या हाती मोटारसायकल येणे हा केवळ सोयीचा नव्हे, प्रतिष्ठेचा विषय असतो. ही भावना आम्ही जाणतो. तथापि स्कूटर वा मोटारसायकल ही किशोरवयीन नवशिक्यास योग्य आहे काय, याचा निर्णय विवेकानेच करावयास हवा.

प्रथम कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४ नुसार १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालविता येत नाही. १६ वर्षांनंतर ५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालविण्याची मुभा आहे. तीही परवाना काढून. ही मुभा लूनासारख्या मोपेडना साजेशी होती. आजच्या पेट्रोलवरील गाड्या बहुधा त्याच्या दुप्पट वा अधिक क्षमतेच्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ तर पालकास किंवा वाहनमालकास दोषी धरते : ३ वर्षांपर्यंत कारावास, २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही.

कायद्यामागे शास्त्र आहे. वेग ताशी ३० वरून ६० किलोमीटर झाला की थांबण्यासाठी ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होते. ताशी ६० च्या वेगात एका सेकंदाच्या गोंधळात गाडी १६ मीटरहून अधिक पुढे गेलेली असते. स्कूटरला गिअर नसल्याने ती सोपी वाटते. परंतु तिची लहान चाके खड्ड्यात लवकर अडखळतात. मोटारसायकलची चाके मोठी, पण क्लच, गिअर व ब्रेक यांचा मेळ सरावाविना साधत नाही. त्यात आमच्या जिल्ह्याचे रस्ते : कडेला सुटी खडी, लोखंडी सळ्यांनी लादलेले ट्रक आणि गाळप हंगामात अंबड-घनसावंगीकडे उसाच्या ट्रॉल्या, अनेकदा मागील दिव्यांविना.

अशाच एका ट्रॉलीने आमच्या हजेरीपटावरील एक नाव कायमचे पुसले. गाडी वडिलांनीच कौतुकाने घेऊन दिली होती. डोक्यावर हेल्मेट नव्हते.

इतिहासाचे अध्यापक म्हणून आम्हांस येथे १९२९ सालचा चाळीसगावचा प्रसंग आठवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना स्थानकावरून वस्तीत न्यावयाचे होते. पण एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळेना. पाहुण्याने पायी चालावे हे वस्तीच्या सन्मानास शोभणारे नव्हते, म्हणून कधीही टांगा न हाकलेल्या एका बांधवाने लगाम हाती घेतला. वाटेत मोटारीशी टक्कर थोडक्यात चुकली. पुढे नदीवरील पुलावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, टांगा घोड्यासह नदीत कोसळला. बाबासाहेब पुलाच्या फरशीवर फेकले गेले व त्यांचा पाय मोडला. अपराध अस्पृश्यतेचा होता. त्या बांधवाच्या प्रेमाचा नव्हे. परंतु आपला सन्मान जपण्याच्या भरात आपलाच जीव धोक्यात आला, हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात नोंदवून ठेवले आहे.

पालकहो, आज टांगेवाल्याचा नकार नाही, घाईचे कारण नाही. मग अननुभवी हातांत लगाम का द्यावा? अठराव्या वर्षापर्यंत मुलामुलींना सायकल व एसटीचा पास द्यावा. त्यानंतर शिकाऊ परवाना काढून, मोकळ्या मैदानात, जाणत्याच्या देखरेखीखाली वळण व ब्रेक यांचा सराव घ्यावा. आरंभ हलक्या गाडीने करावा. हेल्मेट चालकाने आणि मागे बसणाऱ्यानेही घालावे.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या आधीच्या पिढ्यांनी शाळेचा उंबरठा ओलांडण्यासाठी फार वाट पाहिली आहे. गाडीच्या किल्लीसाठी तुम्ही दोन वर्षे वाट पाहू शकाल, असा आम्हांस विश्वास आहे.